घर तारण घेणारा तुमच्या पगाराकडे पाहतो की घराकडे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांना जुळे सोलापूरच्या पलीकडे गुंठेवारीतील, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या जागेवरचे, दोन खोल्यांचे बांधलेले घर घ्यायचे आहे. त्यांचा पगार आणि पत्नीचे शिवणकाम मिळून महिन्याला २६ हजार रुपये घरात येतात; दोन मुले शिकत आहेत. बँकेने कर्ज नाकारले. त्यानंतर ओळखीतून आलेल्या एका एजंटाने सांगितले की, ‘फायनान्स’मधून १० लाख रुपये आठ दिवसांत मिळतील, दर फ्लॅट ९ टक्के, मुदत दहा वर्षे, हप्ता १५,८३३ रुपये. अर्जावर उत्पन्न ४५ हजार लिहायचे, सहा कोरे धनादेश सही करून द्यायचे आणि फाईल चार्ज म्हणून १५ हजार रुपये रोख आधी भरायचे. त्यांनी विचारले आहे की, ही फसवणूक आहे, की आमच्यासारख्यांना कर्ज असेच मिळते?

मी सव्वीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि निवृत्तीनंतर लोकांचे कर्जाचे कागद वाचून देतो. त्या अनुभवावरून प्रथम हे सांगतो की, दर जास्त आहे एवढ्यावरून कोणतेही कर्ज लुबाडणुकीचे ठरत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात मजुरी आठवड्याला आणि रोखीने मिळते, आयकर विवरणपत्र नसते, घराच्या कागदांत एखादी कडी सुटलेली असते. अशा माणसाला कर्ज देणाऱ्याची जोखीम खरोखरच जास्त असते आणि त्याने बँकेपेक्षा दोन-चार टक्के जास्त मागितले, तर त्यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. किती जास्त म्हणजे फार जास्त, हे तुमचे उत्पन्न, सिबिल आणि तारणाचे कागद यांवर अवलंबून राहील.

म्हणून मी दराच्या आधी एकच गोष्ट तपासतो: हे कर्ज फिटावे अशी देणाऱ्याची गरज आहे का? ज्याला हप्ते हवे असतात तो पगारपत्रक, बँकेचे खातेउतारे, इतर देणी यांवरून तुम्हाला इतके प्रश्न विचारतो की राग यावा. ज्याची नजर घरावर असते त्याला तुमच्या उत्पन्नाशी काही घेणे नसते. त्याला फक्त अर्जातील रकाना भरलेला हवा असतो. तुमच्या एजंटाने २६ हजारांचे ४५ हजार करायला सांगितले, तेव्हाच हा फरक उघड झाला. २६ हजारांत १५,८३३ रुपयांचा हप्ता म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे ६१ टक्के. आम्ही एवढ्या उत्पन्नाच्या घरात सगळे हप्ते मिळून ४० टक्क्यांच्या पुढे जाताना दहादा विचार करत असू. उरलेल्या १०,१६७ रुपयांत किराणा, वीज, फी, दवाखाना भागणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि एजंटालाही माहीत आहे. शिवाय अर्जावर सही तुमची असते. उद्या तुम्ही तक्रार केली, तर समोरचा तोच अर्ज काढून दाखवतो आणि खोटे तुम्हीच लिहिले असे म्हणतो.

आता ‘फ्लॅट ९ टक्के’ याचा अर्थ पाहू. फ्लॅट पद्धतीत मूळ १० लाखांवर दहाही वर्षे ९ टक्के धरले जातात, म्हणजे व्याज ९ लाख आणि एकूण १९ लाखांचे १२० हप्ते. परंतु मुद्दल तर दरमहा फिटत जाते. पाचव्या वर्षी तुमच्याकडे १० लाख शिल्लक नसतात, तरी व्याज मात्र १० लाखांवरच चालू राहते. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने उलट मोजला तर दर सुमारे साडेचौदा टक्के निघतो. खऱ्या ९ टक्क्यांनी हप्ता १२,६६८ रुपये आला असता. फरक महिन्याला ३,१६५ रुपयांचा, दहा वर्षांत जवळपास ३ लाख ८० हजारांचा. साडेचौदा टक्के दर तुमच्या परिस्थितीत कदाचित बसतही असेल. पण ज्याला तो साडेचौदा म्हणून सांगायची लाज वाटते, त्याने आणखी काय सांगितलेले नाही, याची शंका घ्यावी. सावकाराच्या ‘शेकडा तीन’ची गोष्ट तीच आहे. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, पण ऐकायला तीनच येते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे कर्ज देणाऱ्याचे नाव. ‘फायनान्स’ हे नाव नव्हे. सोलापुरात घरावर पैसे देणारे निदान पाच प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाला लागू होणारा कायदा वेगळा आहे. बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतात. गृहवित्त कंपन्यांचे नियमही रिझर्व्ह बँकच करते, परंतु त्यांच्यावर देखरेख राष्ट्रीय आवास बँकेची असते आणि ग्राहकाची तक्रारही तिकडेच जाते. पतसंस्था सहकार कायद्याखाली, म्हणजे उपनिबंधकांकडे. परवानाधारक सावकार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली. पाचवा प्रकार परवाना नसलेल्यांचा. त्याचे काम मुळातच गुन्हा आहे. पुढे मी रिझर्व्ह बँकेचे जे नियम सांगणार आहे ते बँका, बिगरबँक कंपन्या आणि गृहवित्त कंपन्या यांना लागू आहेत. पतसंस्थेला आणि सावकाराला नाहीत. त्यामुळे नाव समजल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, आणि नाव समजल्यावर ते रिझर्व्ह बँकेच्या किंवा आवास बँकेच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत स्वतः पाहावे. एजंटाच्या मोबाईलवरील प्रमाणपत्राचा फोटो म्हणजे नोंदणी नव्हे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण लहान-लहान कपाती मिळून काय होते ते त्यात दिसते. साखर पेठेकडचे एक यंत्रमागधारक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले होते. घरची भाषा तेलुगू, मराठी बोलणे उत्तम, इंग्रजी वाचता येत नाही. आणि करारपत्र चाळीसेक पानांचे, पूर्ण इंग्रजीत. मंजुरी १२ लाखांची होती, दर १४ टक्के, मुदत पंधरा वर्षे, हप्ता १५,९८१ रुपये. इथवर लपवलेले काही नव्हते. त्यानंतर मी त्यांना बँकेचे पासबुक मागितले आणि जमा झालेला आकडा पाहिला: ११,०३,७९९ रुपये. बाकीचे कुठे गेले, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २८,३२० गेले होते. कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकनाचे ५,९००. एकरकमी हप्त्याच्या आयुर्विम्याचे ४६ हजार, तेही कर्जातच मिळवलेले, म्हणजे त्या विम्याच्या हप्त्यावरही पंधरा वर्षे १४ टक्के व्याज. आणि पहिला हप्ता आगाऊ कापलेला. हातात आलेल्या रकमेवर हिशेब केला, तर १४ टक्क्यांचा दर सुमारे १५.७ टक्के झाला होता.

त्याहून वाईट गोष्ट तारखांत होती. धनादेशावर तारीख ५ होती आणि तो त्यांच्या हाती २३ तारखेला पडला होता. व्याज मात्र ५ पासून धरले होते. १२ लाखांवर १४ टक्क्यांनी अठरा दिवसांचे ८,२८५ रुपये, जे पैसे त्यांनी पाहिलेही नव्हते त्यांचे व्याज. हा प्रकार इतका रुळलेला होता की रिझर्व्ह बँकेला २९ एप्रिल २०२४ रोजी त्यावर स्वतंत्र परिपत्रक काढावे लागले. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणे, धनादेश उशिरा देऊन आधीच्या तारखेपासून व्याज धरणे, महिन्यातील काहीच दिवस कर्ज असताना पूर्ण महिन्याचे व्याज घेणे आणि आगाऊ हप्ते कापूनही पूर्ण रकमेवर व्याज मोजणे, या चारही गोष्टींची त्यात नोंद आहे आणि असे घेतलेले पैसे परत करण्यास सांगितले आहे. आम्ही त्या परिपत्रकाचा हवाला देऊन अर्ज केला आणि अठरा दिवसांचे व्याज परत मिळाले. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण त्यासाठी वेगळ्या कागदावर संमतीची सही होती. कर्जासोबत आयुर्विमा घेण्याची कायदेशीर सक्ती नाही. विमा असणे शहाणपणाचे आहे, पण तो कोणत्याही कंपनीचा आणि वर्षाला हप्ता भरण्याचा साधा मुदत विमा असू शकतो. ‘घ्यावाच लागतो’ असे कोणी म्हटले, तर तसे लेखी मागावे; बहुधा तिथेच विषय संपतो.

ही पिशवी सही करण्यापूर्वी माझ्याकडे आली असती, तर मी फक्त एक कागद पाहिला असता. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक नव्या किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, कर्जासाठी बँक, बिगरबँक कंपनी किंवा गृहवित्त कंपनीने की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के, विम्यासारखे तिसऱ्याकडे जाणारे पैसे आणि हे सर्व धरून निघणारा वार्षिक दर, ज्याला एपीआर म्हणतात, तो लिहावा लागतो. हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, म्हणजे आमच्या यंत्रमागधारकांना ते तेलुगूत मागता आले असते आणि तुम्हाला मराठीत मागता येईल. ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते, तेवढ्या काळात तुम्ही ते घरी नेऊन कोणालाही दाखवू शकता, आणि त्यात न लिहिलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर घेता येत नाही. ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ म्हणणाऱ्याला हे तीन दिवस नको असतात. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करताना हप्ता किंवा व्याजदर न पाहता एपीआर शेजारी-शेजारी ठेवावा.

बदलत्या दराच्या कर्जात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २० लाखांचे कर्ज, ९ टक्के, वीस वर्षे, हप्ता १७,९९५ रुपये असे धरा. दर सुरुवातीलाच १० टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत वीस वर्षांवरून सव्वीस वर्षांवर जाते. तो ११ टक्के झाला, तर नुसते व्याजच महिन्याला १८,३३३ रुपये होते, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत राहते. ऑगस्ट २०२३ च्या नियमानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे-थोडे, हा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे आणि व्याजाहून कमी हप्त्याची अशी अवस्था येऊ देता कामा नये. वर्षातून एकदा खातेउतारा मागून किती हप्ते उरले ते मोजावे. हप्ता बदलला नाही म्हणून निर्धास्त असलेली मोठी शिकलेली माणसेही मी पाहिली आहेत.

दंडाबद्दल थोडक्यात. हप्ता चुकल्यास दंडात्मक शुल्क घेता येते. दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळवता येत नाही. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क नाही. मात्र स्थिर दराच्या कर्जाला ही सवलत सरसकट नाही, त्यामुळे ‘फ्लॅट’ दराचे कर्ज घेतल्यास बाहेर पडण्याचे दारही बंद होऊ शकते. अर्जातील ‘उद्देश’ या रकान्यात घरखरेदीऐवजी व्यवसाय लिहिलेला नाही ना, हेही पाहावे. एजंट सोयीसाठी तसे लिहितात आणि मग गृहकर्जाचे नियम तुम्हाला लागू होत नाहीत.

यानंतरचा विषय मला सर्वांत गंभीर वाटतो आणि कोरे धनादेश मागणारा एजंट अनेकदा तिकडेच नेतो. परवाना नसलेला सावकार गहाणखत करून मागत नाही. तो थेट खरेदीखत मागतो. ‘नुसती कागदोपत्री खरेदी, तीन वर्षांत पैसे द्या, उलटी खरेदी करून देतो’ असे सांगितले जाते. लोक याला मुदत खरेदी म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये सशर्त विक्रीने गहाण हा प्रकार आहे, पण तो गहाण मानला जाण्यासाठी परतफेडीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असावी लागते. वेगळ्या मुद्रांकावर लिहिलेले किंवा देवळात शपथ घेऊन दिलेले वचन ही अट पुरी करत नाही. दुय्यम निबंधकापुढे तुम्ही ‘पूर्ण मोबदला मिळाला’ असे कबूल करता, फोटो आणि अंगठा देता, मिळकत पत्रिकेवर दुसऱ्याचे नाव चढते आणि तुम्ही स्वतःच्या घरात भाडेकरू होता. होटगी रोडवरच्या एका कुटुंबाचे कागद पाहताना मला आधी कळेना की हे भाडेपावत्या का दाखवत आहेत. ते ज्याला व्याज समजत होते, त्याच्याच त्या पावत्या होत्या.

अशा व्यवहारातही मार्ग पूर्ण बंद नसतो. २०१४ च्या अधिनियमाच्या कलम १८ खाली, सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळावी म्हणून जिल्हा निबंधकांकडे, म्हणजे व्यवहारात सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करता येतो आणि पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार त्यात येतात. परवानाधारक सावकारालाही बिगरशेतकरी कर्जदाराकडून तारणी कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्के याहून जास्त घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. पण चौकशीत व्यवहार सावकारीचाच होता हे दाखवावे लागते आणि त्यासाठी पैसे बँकेतून गेल्याच्या नोंदी, चिठ्ठ्या, मोबाईलवरचे संदेश हेच पुरावे असतात. म्हणून व्याज रोखीने देण्याची सवय घातक आहे.

कोऱ्या धनादेशांबद्दल बोलायचे तर हप्त्यासाठी आज त्यांची गरज राहिलेली नाही; बँक खात्यावर कमाल रक्कम आणि मुदत लिहिलेली नॅच संमती, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची परवानगी, दिली की पुरते. काही संस्था सुरक्षेसाठी धनादेश मागतात. तेव्हा संस्थेचे नाव लिहून, रेघा मारून, क्रमांकांसह पोच घेऊन द्यावेत. कोरा धनादेश म्हणजे रकमेचा रकाना समोरच्याच्या हाती देणे, आणि तो न वटता परत गेल्यास चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खालचा फौजदारी खटला तुमच्यावर. कुलमुखत्यारपत्र मागितले तर उठून यावे. तिथे चर्चेसाठी काही उरत नाही.

बँकेने नाकारले याचा तुम्हाला अपमान वाटलेला दिसतो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो असल्याने सांगतो, अशा घराला नकार बहुधा तुमच्यामुळे नसतो, कागदांमुळे असतो. ते बांधकाम २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले आहे का, हे विक्रेत्याला विचारा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट मोकळी केली आहे. तो दाखला महानगरपालिकेकडून आणून देण्याची अट साठेखतात घाला आणि विसार रक्कम लहान ठेवा. दाखला आला की तीच बँक किंवा एखादी सहकारी बँक पुन्हा विचार करू शकते. नियमित होऊच शकत नसेल, तर ते घर कर्जाशिवायही घेऊ नये असे माझे मत आहे.

ज्यांचे कर्ज आधीच झाले आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. तक्रार प्रथम संस्थेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास बँक आणि बिगरबँक कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जावे. लोकपालाकडे शुल्क लागत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, नोटिशीने घर लगेच जात नाही. कलम १३(२) च्या नोटिशीनंतर ६० दिवस असतात, त्या काळात दिलेल्या हरकतीला संस्थेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि ताब्याची कारवाई झाल्यास कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यासाठी ४५ दिवस मिळतात. नोटीस न उघडता कपाटात ठेवणारे हे सगळे दिवस गमावतात. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत मिळाले पाहिजेत. संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे.

तुम्ही १५ हजार अजून दिलेले नसतील, तर देऊ नका. खऱ्या संस्थेचे शुल्क संस्थेच्या खात्यात आणि पावतीवर भरले जाते. एजंटाला संस्थेचे पूर्ण नाव, मराठीतील की फॅक्ट स्टेटमेंट आणि २६ हजार उत्पन्न लिहिलेला अर्ज, एवढ्या तीन गोष्टी मागा. धनादेश देऊन बसला असाल, तर आजच लेखी पत्राने ते परत मागा, पत्राची पोच ठेवा आणि त्या सहा क्रमांकांचे पैसे थांबवण्याची सूचना उद्या बँक उघडताच स्वतः जाऊन द्या. एवढी एक सूचना पत्राच्या उत्तराची वाट पाहत थांबू नये.